दान, श्रम आणि सन्मान : जपानी उद्योगाच्या इतिहासाकडे पाहताना

आपल्या विद्यालयातून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी आज चाकण, रांजणगाव, वाळूज येथील कारखान्यांत काम करतात. स्नेहसंमेलनाला ते येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात ‘कायझेन’, ‘कानबान’, ‘फाइव्ह एस’ असे शब्द सहज येऊन जातात. दुसरीकडे विद्यालयाच्या कार्यालयात अलीकडे ‘सीएसआर’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. कोणती कंपनी संगणक देईल, कोणती जलशुद्धीकरण यंत्र बसवून देईल, याची चर्चा पालकसभेतही होते. एक शब्द कारखान्याच्या भिंतीवरचा, तर दुसरा देणगीच्या पाटीवरचा.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने आम्हाला एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “सर, आमची कंपनी खेड्यातल्या शाळांना बाके देते, फोटो पेपरात येतो. पण लाइनवर पाणी प्यायला जायचे तर सुपरवायझरची परवानगी लागते. यातली खरी कंपनी कोणती?” त्या वेळी आम्हाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. इतिहासाच्या शिक्षकाला उत्तर सुचले नाही की तो मागे वळून पाहतो. उद्योगपतींचे दान आणि कारखान्यातील कामाची नवी पद्धत, या दोन्ही गोष्टींची दीर्घ परंपरा ज्या एका आशियाई देशात शेजारी शेजारी वाढली, तो देश म्हणजे जपान. त्या इतिहासात या प्रश्नाचे काही उत्तर सापडते काय, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

नफ्याला नीतीचा आधार शोधणारे व्यापारी

तोकुगावा राजवटीतील जपानी समाज चार श्रेणींत विभागलेला होता. सर्वांत वर सामुराई, त्याखाली शेतकरी, मग कारागीर आणि अखेरीस व्यापारी. या चारही श्रेणींच्या बाहेर ‘एता’ आणि ‘हिनिन’ म्हणून हिणवलेले लोक होते. मृत जनावरे उचलणे, कातडी कमावणे अशी कामे त्यांच्या माथी मारलेली होती, आणि त्यांची वस्तीही वेगळी होती. आपल्या वाचकांना ही रचना अपरिचित वाटणार नाही.

व्यापाऱ्याकडे पैसा होता, पण प्रतिष्ठा नव्हती. ती मिळवण्याचा एक मार्ग त्यांनी शिक्षणात शोधला. १७२४ साली ओसाका शहरातील पाच व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने ‘काइतोकुदो’ नावाची विद्यापीठिका उभारली. पुढे तेथील वसतिगृहाच्या नियमांत विद्यार्थ्यांनी उच्च-नीच वा गरीब-श्रीमंत असा भेद न पाळता समानतेने वागावे, असे लिहिले गेले. याच काळात क्योतो येथे इशिदा बाइगान या शेतकरी कुटुंबातून आलेल्या आणि पेढीवर नोकरी केलेल्या माणसाने १७२९ पासून आपल्या घरी विनामूल्य व्याख्याने सुरू केली. व्यापाऱ्याचा प्रामाणिक नफा हा सामुराईच्या वेतनाइतकाच न्याय्य आहे, मात्र तो अप्रामाणिक असेल तर व्यापाऱ्याचे घर टिकणार नाही, असे त्यांचे सांगणे होते. ओमी प्रांतातील फिरते व्यापारी विकणाऱ्याचे, घेणाऱ्याचे आणि समाजाचे अशा तिघांचे भले पाहत, असे आजही जपानमध्ये अभिमानाने सांगितले जाते.

या विचारांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. परंतु चार श्रेणींच्या बाहेरच्या माणसाला त्यात जागा नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. ही उणीव पुढे अडीचशे वर्षांनी कशी उघडी पडली ते ओघात येईलच.

शिबुसावा : देणारा हात आणि रोखणारा हात

आधुनिक जपानच्या उद्योगपर्वातील सर्वांत मोठे नाव शिबुसावा एइची (१८४०–१९३१) यांचे. १८७३ मध्ये त्यांनी जपानची पहिली आधुनिक बँक उभारली. सुमारे ५०० कंपन्यांशी आणि सुमारे ६०० सामाजिक व शैक्षणिक उपक्रमांशी त्यांचा संबंध आला. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. नीतिग्रंथ आणि हिशेबाची मणिचौकट ही दोन्ही एकाच हातात असली पाहिजेत, ही त्यांची शिकवण.

मुंबईशीही त्यांचे नाते आहे. जपानच्या सूतगिरण्यांना भारतीय कापूस हवा होता, पण मुंबई-जपान जलमार्गावर ब्रिटिश जहाज कंपनीची मक्तेदारी होती. जमशेटजी टाटा आणि शिबुसावा यांच्या पुढाकाराने जपानी जहाज कंपनीने १८९३ मध्ये मुंबई-कोबे मार्ग सुरू केला आणि ही मक्तेदारी मोडली.

शिबुसावांच्या दानशूरतेचा एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. टोकियोत निराधार, वृद्ध आणि अनाथ मुलांसाठी एक आश्रयगृह होते. १८८५ च्या सुमारास स्थानिक प्रतिनिधिसभेने त्याचा निधी बंद केला. अशा मदतीने लोक आळशी होतात, हा त्यामागचा युक्तिवाद होता. शिबुसावांनी देणग्या गोळा करून ते आश्रयगृह जगवले आणि मृत्यूपर्यंत त्याचे प्रमुखपद सांभाळले.

मात्र त्यांच्याच गिरण्यांत काय चालले होते? खेड्यांतून करार करून आणलेल्या मुली कुंपणबंद वसतिगृहांत राहत आणि बारा-बारा तासांच्या पाळीत रात्रंदिवस काम करीत. त्यांच्यात क्षयरोग फैलावला होता. १८९० च्या दशकात कारखाना कायद्याची चर्चा निघाली तेव्हा अशा कायद्याची वेळ अजून आलेली नाही, असे सांगून विरोध करणाऱ्या उद्योगपतींत शिबुसावाही होते. पुढे त्यांचे मत बदलले. तो कायदा १९११ मध्ये मंजूर झाला, १९१६ मध्ये अमलात आला आणि स्त्रियांची रात्रपाळी प्रत्यक्षात बंद व्हायला १९२९ साल उजाडले.

निराधारांना आसरा देणारा हात आणि कामगार मुलींना संरक्षण देणारा कायदा रोखणारा हात एकाच माणसाचे होते. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा हा पहिला धडा आहे. दान खोटे नव्हते, पण तेवढ्याने कारखान्यातील अन्याय झाकला जात नव्हता. समाजालाही हे जाणवत होते. १९१८ मध्ये तांदळाच्या महागाईविरुद्ध देशभर दंगली उसळल्या. १९२१ मध्ये बँकमालक यासुदा झेंजिरो यांची हत्या झाली. १९३२ मध्ये मित्सुई उद्योगसमूहाच्या प्रमुखांची हत्या झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्या समूहाने तीन कोटी येन देऊन एक मोठा धर्मादाय न्यास स्थापन केला. भीतीपोटी आलेले औदार्यही इतिहासात नोंदले जाते, पण ते कोणत्या रकान्यात नोंदायचे हे वाचकांनीच ठरवावे.

ओहारा : प्रश्न विचारणारे दान

याच सूतगिरण्यांच्या जगात एक वेगळे उदाहरण घडले. ओकायामा प्रांतातील कुराशिकी गावच्या गिरणीच्या वसतिगृहात १९०६ साली साथ आली आणि कामगार दगावले. जबाबदारी स्वीकारून मालक पायउतार झाले आणि त्यांचे पुत्र ओहारा मागोसाबुरो (१८८०–१९४३) यांनी सूत्रे घेतली. त्यांनी कोंदट सामाईक वसतिगृहांऐवजी लहान घरांसारखी निवासस्थाने बांधायला घेतली. अनाथाश्रमाला त्यांनी मदत केलीच, पण ते तेथे थांबले नाहीत.

१९१९ मध्ये त्यांनी ओसाका येथे समाजसंशोधन संस्था काढली. दारिद्र्य का निर्माण होते आणि कामगार संप का करतात, यांचा अभ्यास हे तिचे काम होते. १९२१ मध्ये कुराशिकीत श्रमविज्ञान संस्था स्थापन झाली. थकवा, रात्रपाळी, गिरणीतील उष्णता आणि दमटपणा यांचा कामगार मुलींच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे संशोधक तेथे मोजू लागले. १९२३ मध्ये रुग्णालय उघडले.

एका गिरणीमालकाने गिरणी माणसाला काय करते, हे शास्त्राला विचारण्यासाठी पैसा द्यावा, हे त्या काळी अपूर्व होते. भुकेल्याला अन्न देणे आवश्यकच आहे, पण तो भुकेला का राहिला हे शोधण्यासाठी दिलेले दान अधिक दूरवर पोचते.

आपोआप थांबणारा माग

आता कारखान्याच्या भिंतीवरील शब्दांकडे वळू. त्यांचे मूळ मोटारीत नसून हातमागात आहे. तोयोदा साकिची (१८६७–१९३०) हे सुताराचे पुत्र. आईला मागावर राबताना पाहून माग सुधारण्याचा ध्यास त्यांनी घेतला, असे सांगितले जाते. १९२४ साली त्यांच्या प्रयत्नांतून पूर्ण झालेल्या स्वयंचलित मागात दोन गुण होते. बाण्याचे सूत संपले की माग न थांबता धोटा बदलला जाई, आणि ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. त्यामुळे सदोष कापड निघत नसे आणि यंत्रावर डोळे लावून उभे राहण्याच्या शिक्षेतून माणूस सुटे. एकच कामगार तीसहून अधिक माग सांभाळू शके. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या विख्यात यंत्रनिर्मात्यांनी या मागाचे हक्क विकत घेतले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी १९३३ मध्ये मोटारविभाग सुरू केला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली.

मागाचा विषय निघाला की मुंबईच्या गिरण्या आठवल्यावाचून राहत नाहीत. तेथे धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणास्तव अस्पृश्य कामगारांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यात शिरकाव नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला होता. यंत्र तेच असते, पण त्याच्यापुढे कोण उभे राहणार हे समाज ठरवतो. म्हणून केवळ यंत्र सुधारल्याने माणूस मुक्त होत नाही.

मुदा, मुरा आणि मुरी

दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. १९५० साली दीड हजारांहून अधिक कामगारांना जावे लागले, मोठा संप झाला आणि किइचिरो यांनी राजीनामा दिला. मोठ्या साठ्यावर उभे असलेले अमेरिकी प्रचंड उत्पादन या कंपनीला परवडणारे नव्हते. गिरणीतून मोटार कारखान्यात आलेल्या ताइइची ओनो (१९१२–१९९०) या अभियंत्याने वेगळी वाट काढली. जेवढे लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच बनवायचे, हे त्यांचे सूत्र. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक जेवढा माल उचलते तेवढाच फळीवर पुन्हा भरला जातो. त्याच धर्तीवर पुढच्या टप्प्याने सुटे भाग उचलले की मागच्या टप्प्याला चिठ्ठी जाई. ती चिठ्ठी म्हणजेच ‘कानबान’. रोज थोडी सुधारणा करीत राहणे म्हणजे ‘कायझेन’. दोष दिसताच कामगाराने दोरी ओढायची आणि तो दूर झाला नाही तर अख्खी लाइन थांबवायची, ही साकिचींच्या मागाची शिकवण माणसाच्या हाती आली. गुणवत्तेचे संख्याशास्त्र अमेरिकी तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना शिकवले. त्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन त्यांनी दान केले आणि त्यातून १९५१ चे डेमिंग पारितोषिक निर्माण झाले. १९६५ मध्ये ते टोयोटाला मिळाले. ‘लीन’ हे नाव मात्र जपानी नाही. १९८८ मध्ये जॉन क्राफ्चिक या अमेरिकी संशोधकाने ते रूढ केले.

ओनो यांची आणखी एक शिकवण म्हणजे दोषाचे मूळ सापडेपर्यंत पाच वेळा ‘का’ विचारणे. आम्ही ती आमच्याच वसतिगृहात करून पाहिली. मुले पहिल्या तासाला उशिरा का येतात? न्याहारी उशिरा आटोपते म्हणून. ती उशिरा का आटोपते? ताटे धुण्यासाठी रांग लागते म्हणून. रांग का? चारपैकी दोनच नळ चालू आहेत म्हणून. दोन बंद का? तोट्या गळतात म्हणून फडक्याने बांधून ठेवल्या आहेत. दुरुस्त का झाल्या नाहीत? मुलांना गळती ठाऊक होती, पण ती कोणाला सांगायची हे कधी ठरलेच नव्हते. आम्ही मात्र कित्येक महिने उशिरा येणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभे करीत होतो! दोष मुलांचा नव्हता. त्यांच्या हाती ओढायला दोरी नव्हती, हा दोष आमचा होता.

या पद्धतीत तीन शब्द एकत्र येतात. ‘मुदा’ म्हणजे वाया जाणे, ‘मुरा’ म्हणजे कामातील असमतोल आणि ‘मुरी’ म्हणजे माणसावर वा यंत्रावर झेपेल त्याहून अधिक भार. आमच्या माजी विद्यार्थ्यांना ‘मुदा’ पाठ असतो, परंतु ‘मुरी’ हा शब्द त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेला असतो. आमच्या मते खरी गोम येथेच आहे. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सेवकांविषयीची कर्तव्ये सांगितली, त्यांतील पहिलेच कर्तव्य सेवकाच्या शक्तीप्रमाणे काम देण्याचे आहे. त्यानंतर अन्न व वेतन, आजारपणातील सेवा, चांगल्या पदार्थांत वाटा आणि वेळेवर विश्रांती ही येतात. ‘मुरी’ टाळणे म्हणजे यांतील पहिले कर्तव्य पाळणे होय.

दिव्याखालचा अंधार

खुद्द जपानमध्ये ते नेहमी पाळले गेले काय? पत्रकार कामाता सातोशी यांनी टोयोटाच्या कारखान्यात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि १९७३ मध्ये त्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. लाइनचा वाढता वेग आणि त्याखाली पिचणारी शरीरे यांचे ते कथन आहे. २००७ मध्ये नागोया येथील न्यायालयाने टोयोटाच्या एका तरुण कामगाराचा मृत्यू अतिश्रमाने झाल्याचे मान्य केले. कामानंतर ‘स्वेच्छेने’ करायच्या सुधारणा-मंडळांचा वेळही कामाचाच वेळ आहे, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला. कायझेनच्या नावाखाली ‘मुदा’ काढता काढता कामगाराची विश्रांतीच वाया गेलेली समजली जाऊ लागली, तर त्या पद्धतीचा आत्मा हरवतो.

दुसरा अंधार अधिक जुना आहे. १८७१ च्या आदेशाने ‘एता’, ‘हिनिन’ ही नावे कायद्याने संपली, पण ‘बुराकू’ वस्त्यांतील लोकांविषयीचा भेदभाव संपला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’ ही स्वाभिमानाची चळवळ उभारली. दया नको, मानवी सन्मान हवा, हा तिचा आशय होता. तरीही १९७५ मध्ये असे उघडकीस आले की, बुराकू वस्त्यांचे पत्ते असलेल्या याद्या गुप्तपणे विकल्या जात होत्या, आणि नोकरभरतीत अशा उमेदवारांना वगळता यावे म्हणून दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्या विकत घेतल्या होत्या. त्यांत नामांकित मोठ्या कंपन्याही होत्या. बुराकू मुक्तिसंघटनेच्या लढ्यामुळे कंपन्यांना जाब द्यावा लागला, आणि १९७७ पासून मोठ्या आस्थापनांत निष्पक्ष भरतीसाठी जबाबदार व्यक्ती नेमण्याची व्यवस्था आली. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना आपल्या मुलांचा हात का अडखळतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या घटनेवर भाष्य नको.

टक्केवारी आणि त्यापलीकडे

१९७४ मध्ये टोयोटा फाउंडेशन स्थापन झाले. जपानी उद्योगांनी नफ्याचा किमान एक टक्का समाजकार्याला द्यावा, यासाठी उद्योग महासंघाने १९९० मध्ये ‘एक टक्का मंडळ’ सुरू केले. ते ऐच्छिक होते. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक उत्तरदायित्वासाठी राखणे बंधनकारक केले. म्हणून विद्यालयाकडे येणारा असा निधी ही केवळ कृपा नसून कायद्याने मान्य केलेला समाजाचा वाटा आहे, हे अर्ज करताना आपण विसरू नये.

एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. टोयोटाने १९९२ मध्ये अमेरिकेत आपली कार्यपद्धती इतरांना शिकवणारे एक केंद्र स्थापन केले. न्यूयॉर्कच्या अन्नपेढीला कंपनीने केवळ पैसे न देता या केंद्राचे अभियंते दिले. हार्लेममधील अन्नछत्रात जेवणासाठी ९० मिनिटे ताटकळावे लागे, तो वेळ १८ मिनिटांवर आला. २०१२ च्या वादळानंतर मदतीची एक पेटी भरायला ३ मिनिटे लागत, ती ११ सेकंदांत भरू लागली. भुकेल्या माणसाचा रांगेत जाणारा तासभर वाचवणे म्हणजे त्याच्या सन्मानाची राखण करणे होय. सम्राट अशोकाने अकराव्या शिलालेखात धम्मदानासारखे दुसरे दान नाही असे सांगताना त्याच्या अर्थात दास व सेवकांशी योग्य वर्तन अंतर्भूत केले होते, याचे येथे स्मरण होते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. खरी कंपनी कोणती? आमचे उत्तर असे की, बाके देणारी कंपनी खरी आहे आणि पाण्याला परवानगी मागायला लावणारीही खरी आहे. परंतु तिची परीक्षा दुसऱ्या जागी होते. जेथे नफा निर्माण होतो तेथे, सर्वांत खालच्या माणसाच्या हाती थांबवण्याची दोरी आहे काय, हे विचारावे. ती त्याने ओढली तर त्याला शिक्षा होते की त्याचे ऐकले जाते, हेही पाहावे. दोरी नसेल तर ती कायद्याने आणि संघटनेनेच मिळवावी लागते. जपानच्या गिरणी कामगार मुलींना आणि बुराकू बांधवांनाही ती कोणी दानात दिली नव्हती.

आपले काही माजी विद्यार्थी आता सुपरवायझर झाले आहेत, काहींचे स्वतःचे लहान उद्योग आहेत. त्यांनी आपल्या भिंतीवर ‘मुदा’ शेजारी ‘मुरी’ हा शब्दही लिहावा, अशी आमची विनंती आहे. विद्यालयाला देणगी द्यावीच, पण वर्षातून एक रविवार येऊन येथील मुलांना पाच वेळा ‘का’ विचारायलाही शिकवावे. वसतिगृहाचे चारही नळ आता चालू आहेत. त्यांच्याशेजारी मुलांनी एक फळा लावला आहे. काही बिघडले की ज्याला प्रथम दिसेल त्याने तेथे लिहायचे, आणि त्याच दिवशी त्याखाली उत्तर लिहिणे आम्हा शिक्षकांवर बंधनकारक आहे.